पदरचं वाक्य

ते पत्र आलं त्या दुपारी अम्मा आणि मी पडवीत कुळीथ निवडत बसलो होतो. पोस्टमनने निळं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नेहमीसारखी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "बाई, कुवेत आलं."

मागच्या खोलीत मयेकरबाई राहायच्या. गावातल्या मराठी शाळेत शिक्षिका, मालवणकडच्या, वय पस्तिशीचं, लग्न न झालेलं. भाडेकरू म्हणून आल्या आणि सहा वर्षांत घरच्या झाल्या. अम्मा म्हणजे माझी सासू, हूरबी परकार. तिचा मुलगा याकूब, माझा नवरा, सहा वर्षांपूर्वी कुवेतला गेला होता आणि मधे एकदाच अडीच महिने राहून गेला होता. मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघी आणि एक बोका, पुरुष म्हणायला तेवढाच.

बाई हात पुसत आल्या. चष्मा लावला, केसातली पिन काढून पाकीट फोडलं आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पत्र वाचताना त्या कधी बसत नसत. शाळेची सवय.

"मैमुना हिस याकूबचा सलाम. मी इथे खुशाल आहे. आईची तब्येत..." एवढं वाचून त्या थांबल्या. डोळे पुढे गेले, आवाज मागे राहिला.

"काय झालं?" अम्माने विचारलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कान मांजराचे.

"अक्षर लागत नाही."

"दर खेपेला तर मोत्यासारखं अक्षर म्हणून सांगता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही. मी म्हणाले, "वाचा बाई. असेल ते वाचा."

त्यांनी वाचलं. मुलांना धड्याचं शुद्धलेखन घालतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "मी इथे दुसरा संसार मांडला आहे. तुला अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. हे पत्र तू वाचशील त्या घडीपासून माझ्याकडून तुला तलाक, तलाक, तलाक. तुझ्या भावाकडे निघून जा. आईची सोय मी करतो."

पुढे काही आलं नाही. याकूबच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य असायचं: 'जपून राहा, तुझी आठवण येते.' त्या दिवशी बाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

अम्माचा हात सुपात फिरतच होता. खडे बाजूला, कुळीथ बाजूला, सगळं बोटांच्या स्पर्शावर. तशातच ती म्हणाली, "माझी सोय करतो म्हणं. काय करणार तो? ही खाट उचलून कुवेतला नेणार?"

मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. भावाकडे मी यापूर्वी गेले होते ती पाहुणी म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी भावजयीने विचारलं होतं, "बोट कधीची?" पण खरी भीती ती नव्हती. अम्माला चूल पेटवता येत नव्हती, विहिरीपर्यंत जाता येत नव्हतं. मी बाहेर पडले तर ती त्या घरात भिंती चाचपत मरणार होती, आणि मी भावाच्या घरी बसून ते ऐकणार होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी होडीने खाडी ओलांडून काझीसाहेबांकडे गेलो.

महमूद खतीब हे आमच्या पंचक्रोशीचे काझी. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, दम्याचे. त्यांनी बाईंकडून पत्र घेतलं, वाचलं आणि माझ्यासमोरच जाड पाकिटात घालून खळीने चिकटवून टाकलं. मी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"हे आता तू बघायचं नाही," ते म्हणाले. "का ते मग सांगतो. आधी दुसरी गोष्ट. आपण कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. तोंडाने साफ तलाक म्हटला तर बात वेगळी. कागदावर लिहिलेला तलाक नुसत्या लिहिण्याने पडत नाही. लिहिताना मनात तेच होतं का, हे लिहिणाऱ्याला विचारावं लागतं."

"आणि तो नाही म्हणाला तर?" अम्माने विचारलं.

"तर तो नुसता कागद."

त्यांनी कुवेतला पत्र घातलं. उत्तर यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी त्या घरात ना सून होते ना पाहुणी. रोज सकाळी अम्मा खाटेवरून हाक मारायची, "हायस ना गो?" आणि मी चुलीपाशी बसून म्हणायची, "आहे." मयेकरबाई माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. शाळेतून यायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मी त्यांना काही विचारलं नाही. मला ठाऊक होतं त्यांना काय खुपतंय, पण मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मार्चअखेरीला काझीसाहेबांचा निरोप आला. आम्ही पुन्हा होडीत बसलो. अम्माने नवी ओढणी घेतली होती, जसं काही बोलणी करायलाच निघालो होतो.

काझीसाहेबांच्या माजघरात चटईवर आम्ही बसलो. ते दाराच्या पलीकडे, ओटीवर. मधे दार उघडं. त्यांनी याकूबचं उत्तर वाचून दाखवलं, एकच ओळ होती. "लिहिताना माझी नियत होती आणि ती पूर्ण होती."

अम्माने नुसतं नाक ओढलं. सहा आठवडे तिने त्या एका 'नाही'ची वाट पाहिली होती. मी पाहिली नव्हती असं म्हणणार नाही.

"म्हणजे झालं," मी म्हणाले.

"नाही झालं." त्यांनी एक जुनी किताब उघडली, पिवळ्या पानांची, कडेला बारीक अरबी टिपा असलेली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्याने शर्त घातली आहे. 'हे पत्र तू वाचशील तेव्हा.' टपालात हरवलं तर उगाच घोळ नको, म्हणून लोक असं लिहितात. आता नीट ऐक. बायकोला जर वाचता येत असेल तर पत्र तिने स्वतःच वाचायला हवं. दुसऱ्याने वाचून दाखवलं तर शर्त पुरी होत नाही, तलाक पडत नाही. पण तिला वाचताच येत नसेल, तर दुसऱ्याने वाचून दाखवणं हेच तिचं वाचणं. मग त्याच घडीला पडला. तेव्हा सांग बेटी, तुला वाचता येतं?"

मी तोंड उघडायच्या आत अम्मा बोलली. "हिला कुठलं, काझीसाहेब? कुराण वाचते तेवढं. बाकी अंगठा."

"कुराण वाचणं वेगळं. पत्र मराठीत आहे."

"मग नाय येत."

अम्मा तशीच होती. स्वतःच्या गळ्याला फास लागत असला तरी खोटं तिच्या जिभेवर टिकायचं नाही. तिला कळत होतं की ती आपल्याच हाताने मला घराबाहेर काढतेय. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट होती आणि तोंड मात्र खरं बोलत होतं.

मयेकरबाई खाली मान घालून चटईची काडी उसवत होत्या. त्या बोलल्या नाहीत. माझं गुपित त्यांनी अखेरपर्यंत माझंच ठेवलं.

"येतं," मी म्हणाले.

अम्माने मान वळवली. दिसत नव्हतं तरी बघितलंच माझ्याकडे.

"दोन वर्षं झाली," मी म्हणाले. "अम्मा दुपारची निजली की बाई मला शिकवायच्या. कोणाला सांगितलं नाही. याकूब येईल तेव्हा त्याच्यासमोर त्याचंच पत्र घडाघडा वाचून दाखवायचं होतं. तो मला नेहमी चिडवायचा, तुझं डोकं म्हणजे रिकामा नारळ म्हणून."

काझीसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. "खरं?"

"खरं," बाई म्हणाल्या. "गेल्या गणपतीच्या आधीच ती पुस्तक सलग वाचत होती."

"पत्रावर तारीख फेब्रुवारीची आहे. म्हणजे त्याने लिहिलं तेव्हा ही वाचणारी होती. त्याला माहीत नव्हतं, तो त्याचा प्रश्न." ते उठले आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "वाच."

जमातीची नोटीस होती. हाताने लिहिलेली, शाई पसरलेली.  मी वाचलं, "येत्या रविवारी सकाळी सात वाजता मशिदीची विहीर उपसायची आहे. प्रत्येक घरातून एक पुरुष माणूस यावा. न आल्यास..." इथे मी अडखळले. "न आल्यास समजून घेतले जाणार नाही."

"आमच्यातून कोण येणार?" अम्मा पुटपुटली. "बोका?"

काझीसाहेब हसले नाहीत, पण त्यांचा श्वास थोडा मोकळा झाल्यासारखा वाटला. मग ते परत बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला होडीत बसतानाच माहीत होतं. वल्ह्याच्या प्रत्येक ठोक्याला मी त्याचं उत्तर गिळत आले होते.

"वाचता येत होतं, तर हे पत्र तू स्वतः का नाही वाचलंस?"

मी चटईकडे बघितलं.

"बेटी, हे मला कळायलाच हवं. उद्या कोणीही म्हणेल, तिने आधी चोरून वाचलं असेल आणि मग बाईंच्या हातात दिलं असेल. डोळ्यांनी वाचलं तरी ते वाचणंच. सहा वर्षं परदेशी असलेल्या नवऱ्याचं पत्र हातात पडतं, वाचता येतं, आणि बायको ते न उघडता दुसरीकडे देते. हे माझ्या अकलेला पटत नाही. पटलं नाही तर मी तुझ्या बाजूने काही बोलू शकत नाही."

"अम्मा समोर होती. तिला कळू द्यायचं नव्हतं."

"मग ठेवून द्यायचं होतं. अम्मा निजल्यावर वाचायचं होतं."

त्यांचं बरोबर होतं. मी अम्माकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. जे सांगायचं होतं त्यात दोघींची आणि माझी, तिघींची अब्रू जाणार होती. पण घर त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

"गणपतीत बाई मालवणला गेल्या होत्या," मी म्हणाले. "तेव्हा मी याकूबची जुनी पत्रं काढली. बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. तेवीस होती. बाईंकडून ऐकून मला सगळी पाठ होती, म्हणून म्हटलं, यांच्यावरच आधी हात बसवावा."

बाईंची बोटं चटईवर थांबली.

"सगळं तसंच होतं. छपराचं बघ, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आंब्याचं काय झालं. फक्त शेवटचं वाक्य नव्हतं. 'जपून राहा, तुझी आठवण येते.' बाई प्रत्येक पत्राच्या शेवटी वाचायच्या ते. मला वाटलं मागच्या बाजूला असेल. मी तेवीसच्या तेवीस पत्रं उलटून बघितली."

 बाहेर काझीसाहेबांच्या कोंबड्या पाचोळा उकरत होत्या.

"एकाही पत्रात नव्हतं. बाई ते पदरचं घालायच्या."

"मग तू बाईंना विचारलंस?"

"नाही. विचारलं असतं तर त्यांनी बंद केलं असतं." मी बाईंकडे बघितलं नाही. "नंतर दोन पत्रं आली. दोन्ही मी न उघडता बाईंना दिली. स्वतः वाचलं असतं तर छप्पर आणि आंबेच मिळाले असते. बाईंनी वाचलं की शेवटी ते वाक्य यायचं. खोटं होतं हे माहीत होतं मला. तरी मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, काझीसाहेब. वर्षातून चार वेळा. म्हणून हेही तसंच दिलं. अल्लाला साक्ष ठेवून सांगते, मी ते उघडलं नव्हतं."

मयेकरबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "पहिल्या पत्राच्या वेळी ही माझ्याकडे बघत होती," त्या म्हणाल्या, "पुढे काय, पुढे काय असं. पुढे काहीच नव्हतं. मला ते सांगवेना. मला कोणी लिहिलं असतं तर जे आवडलं असतं, ते मी वाचलं. मग दर वेळी वाचावं लागलं. हे शेवटचं पत्र हातात आल्यावर मला वाटलं, ही माझ्या खोटेपणाची शिक्षा हिला मिळाली."

काझीसाहेबांनी किताबीचं पान सारखं केलं. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या पत्रात भर घालू नये, बाई." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुम्ही त्यातलं काही कमी केलं नाहीत."

"म्हणजे ते माझ्या पोराचं नव्हतं?" अम्माने विचारलं.

"नाही, अम्मा."

"मला बी वाटायचं. त्याचा बाप बी कधी असलं बोलला नाय." तिने माझं मनगट सोडलं आणि हात धरला. "मी पण गो तेवढ्यासाठीच बसून ऐकायची."

काझीसाहेबांनी किताब मिटली. "माझ्या समजुतीप्रमाणे निकाह शाबूत आहे. दुसरा कोणी जाणता आलिम वेगळं सांगेल. मी सांगितलं त्याचा जाब मला वर द्यायचा आहे, तुला नाही." त्यांनी चिकटवलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "पण शर्त अजून उभी आहे. ती आता त्यालासुद्धा मागे घेता येणार नाही. तू ज्या दिवशी हे वाचशील त्या दिवशी तलाक पडेल. न वाचता जाळलंस तर संपलं. घरी जाऊन जाळून टाक."

"जाळते," मी म्हणाले.

होडीत आम्ही तिघी एकमेकींना टेकून बसलो. भरती होती. निम्म्या खाडीत अम्मा म्हणाली, "बाई, आता शेवटचं वाक्य वाचत जाऊ नका. हिला खोटं कळतं." बाई रडता रडता हसल्या.

याकूबला काझीसाहेबांनी कळवलं. अम्मानेही कळवलं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले: 'पुन्हा तलाक द्यायचा असेल तर इथे येऊन आईसमोर उभा राहून दे. कागद पाठवू नकोस.' खाली मी लिहिलं, 'हे पत्र मैमुनाने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.' त्याचं उत्तर आलं नाही. तो आला नाही. पुढे पुढे पत्रंच बंद झाली. त्याला तिथे संसार होता, इथे दुसऱ्यांदा तोंड उघडायची त्याला गरजही नव्हती आणि हिंमतही.

मी त्या घरात अकरा वर्षं सून म्हणून राहिले. तिसऱ्या वर्षी बाईंची बदली कणकवलीला झाली. त्यांची पत्रं यायची, ती मी अम्माला वाचून दाखवायची. शेवटी बाईंनी खरंच लिहिलेलं असायचं, 'तुमची दोघींची आठवण येते.' अम्मा विचारायची, "हे लिहिलंय की तू घातलंस?" मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवायची, जसं काही तिला बोटाने दिसणार होतं.

पाकीट मी जाळलं नाही. बिस्किटाच्या डब्यात तळाशी ठेवलं. अम्माला ते ठाऊक होतं. दर शुक्रवारी, न्हाऊन झाल्यावर, ती हळूच विचारायची, "वाचलंस तर नाय ना गो?" मी म्हणायची, "चष्मा सापडत नाही." त्यावर ती समाधानाने पान लावायला घ्यायची. मी ते का जाळत नाही, हे तिने कधी विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं. मी याकूबची बायको म्हणून तिथे राहत नव्हते, आणि बायको असल्याशिवाय तिची सून राहता येत नव्हतं.

अकराव्या वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, अम्मा गेली. सकाळी "हायस ना गो?" आलं नाही, तेव्हाच मला समजलं. याकूबला तार केली. तो आला नाही. जमातीने सगळं नीट केलं. चाळिसाव्याला फातिहा झाली, बायका जेवून, ताटं विसळून आपापल्या घरी गेल्या, आणि दुपारी तीनच्या सुमाराला घरात मी एकटी उरले. बोका तर कधीच गेला होता.

मी डबा काढला. खळ सुकून तडकली होती, पाकीट नखाने उघडलं. अम्माच्या खाटेसमोर पाटावर बसले. मग काय वाटलं कोण जाणे, उठले आणि खांबाला टेकून उभी राहिले. चष्मा लावला.

मोठ्याने वाचलं. त्याचं अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. कुवेतहून आलेलं पत्र मी स्वतः मोठ्याने वाचण्याची ती पहिली वेळ आणि शेवटचीही. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी वाचलं होतं त्यातला एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. 'मी इथे दुसरा संसार मांडला आहे.' 'तलाक, तलाक, तलाक.' तिन्ही वाचले, एकही गाळला नाही. 'तुझ्या भावाकडे निघून जा. आईची सोय मी करतो.'

तिथे कागद संपला. मी सवयीने मागची बाजू बघितली. कोरी होती.

खाटेवर अम्माची गोधडी घडी करून ठेवलेली होती. तिच्याकडे बघून मी शेवटचं वाक्य म्हटलं, "तुझी आठवण येते." ते पत्रात नव्हतं. ते माझ्या पदरचं होतं.